कच्चा गडी आधी

गुरुजी, आज मी तुमच्यावर चिडलो आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमच्यावर चिडणं बरं दिसत नाही, असं सकाळी मारुतीपुढे दिवा लावताना स्वतःला बजावलंही. पण दिवा लावून झाला तरी राग होता तिथेच होता, म्हणून लिहायला बसलो.

लातूरला मी एक लहानसा क्रिकेट क्लब चालवतो. शिकवणीचे वर्ग सुटले की पोरं पाठीवर पुस्तकांच्या बॅगा घेऊन तशीच मैदानावर येतात. सगळ्यांना फक्त फलंदाजी करायची असते. मॅट अंथरायला बोलावलं की एकदम सगळ्यांना तहान लागते. जाळीच्या मागे आईबाप मोबाईल धरून उभे, आणि पोरगं बाद झालं की चूक माझी. हे सगळं मी सोसतो. पण या सगळ्यावर तुमचा एक नियम मी आजवर डोक्यावर वाहिला : कच्चा गडी आधी. निलंग्याकडच्या आपल्या शाळेचं मैदान आठवतं, तिन्ही बाजूंनी उसाचा फड. तुम्ही बॅट नेहमी सगळ्यात कच्च्या पोराच्या हातात देता, म्हणजे माझ्या. मी एकाच पायाला पॅड बांधतोय, कारण दुसरा पॅड समोरच्या फलंदाजाकडे आहे, आणि तुम्ही पाठीवर थाप मारून म्हणता, "जा, नुसता उभा राहा." त्या एका थापेवर मी पन्नाशीपर्यंत आलो. मला वाटत राहिलं, गुरुजींना माझ्यात काहीतरी दिसलं होतं.

गेल्या रविवारी नांदेडच्या एका क्लबशी सामना होता. नियमाप्रमाणे मी आमच्यातल्या सगळ्यात कच्च्या पोराला सलामीला धाडलं. चेंडू आला की हा डोळे मिटून घेतो. आमचा सगळ्यात चांगला खेळाडू, एक डावखुरा, नंबर शेवटचा असूनही आधीच पॅड बांधून सावलीत बसलेला. त्याचे वडील डाळीचे व्यापारी. ते तरातरा माझ्याकडे आले.

"सर, हे काय करून राहिले तुम्ही? निवडीवाले बघायला आलेत आज, अन् माझं पोरगं बसून राहिलंय!"

"कच्च्याची भीती आधी मोडली पाहिजे," मी म्हणालो.

"त्याची भीती मोडता मोडता आमचं नशीब मोडू नका म्हणजे झालं."

त्यांची समजूत घालतोय तोवर कच्च्याची आई पुढे झाली. मला वाटलं, ही तरी माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "माझ्या लेकराला कशाला पुढं ढकलता, सर? शेवटी पाठवा ना, कुणाचं ध्यान नसतं तवा."

तिचं लेकरू दुसऱ्याच षटकात बाद झालं. मधल्या पोरांनी रखडत रखडत षटकं खाल्ली, डावखुऱ्याच्या वाट्याला चार चेंडू आले. आम्ही हरलो. दोन दिवसांत त्याच्या वडिलांनी त्याला दुसऱ्या क्लबात घातलं. जाताना पोरगा माझ्या पाया पडला, तेच मला जास्त लागलं.

परवा माझा तो वर्गमित्र भेटला, आपल्यात सगळ्यात लांब मारणारा आणि सगळ्यात शेवटी खेळणारा. सोयाबीन घेऊन आडतीवर आला होता. चहा घेता घेता त्याला हे सगळं सांगितलं, तर तो इतका हसला की बशीतला चहा धोतरावर.

"अरे येड्या, आपल्याकडं चेंडू एकच व्हता! मी आधी गेलो असतो तर पहिल्याच षटकात उसात. मग खेळ खलास, चला घरी. तुझा फटका कुठवर जायचा? गुरुजीच म्हणायचे, हा खेळतोय तवर चेंडूला धोका न्हाई."

"म्हणजे धैर्याचं काही नव्हतं?"

"कसलं धैर्य घेऊन बसलास? चेंडूचं बोल."

गुरुजी, एवढं तरी सांगून जायचं होतं. मी इतकी वर्षं तुमच्या नावाने पोरांना धैर्यावर भाषणं देतोय. त्यापायी हातचा खेळाडू घालवला. आज क्लबाच्या पिशवीत चेंडूच चेंडू आहेत आणि मैदानाशेजारी ऊस नाही, प्लॉट पडलेत. नियमाला कारणच उरलं नाही. रागाने नियम मोडून टाकावा म्हणतो, तर दुसरीच गोष्ट आठवते : आपल्या मैदानावरून एकही पोरगा न खेळता घरी गेला नाही. चेंडू हरवायचा तो सगळ्यांचं खेळून झाल्यावरच. हे तुम्ही ठरवून केलंत की तसं आपोआप झालं, आता कुणाला विचारू?

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून पुढचं लिहितो. काल तो कच्चा पोरगा सगळ्यांच्या आधी येऊन एकटाच मॅट झाडत होता.

"या रविवारी मी पहिलाच ना, सर?"

"हाव."

"पण मीच का?"

खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "धीर यावा म्हणून." उसाचं सांगायचा धीर मला झाला नाही.