स्नुषा, स्नोरु, श्नूर

४ जून, जळगाव
सिद्ध करावयाचे ते असे: सं. स्नुषा, जुन्या इंग्रजीतील स्नोरु, जुने जर्मन श्नूर ही एकाच शब्दाची रूपे. अर्थ सर्वत्र एक, मुलाची बायको. आपली सून तीच. तिकडे शब्द मेला. इंग्रज आता ‘कायद्याने मुलगी’ म्हणतात. मूळ ‘सूनु’ म्हणजे पुत्र, हा माझा पक्ष.
वर्षाने विचारले, “आबा, धुळ्याच्या स्थळाला होकार कळवू?” माझा मुलगा अजय जाऊन चार वर्षे झाली. म्हटले, निर्णय सुनेचा, सासऱ्याचा नव्हे.
“आणि मांडवात माझ्या बाजूनं कोण?”
वही पुढे ओढली. टिपणे अपुरी.

७ जून
धुळ्याहून नानांचा फोन. नवऱ्या मुलाचे काका; सगळे पसंत म्हणाले. “बठ्ठं ठीक शे, सर. फक्त एक सांगा, पोर तुमनी कोण लागस?”
म्हटले, मुलगा नाही, तेव्हा सून नाही. जन्म दिला नाही, तेव्हा मुलगी नाही. ती स्वतंत्र आहे. तर्क निर्दोष.
नाना म्हणाले, “बरं.” फोन ठेवला.

९ जून
रविवारी ठरलेली लग्नाची बैठक मोडली. नानांचा निरोप वर्षाने जसाच्या तसा ऐकवला: “सासराच म्हणस, कोणी नही. मंग पोर मांगानी कोणापान?” म्हणजे मागणी घालायची कोणाकडे.
मी: स्वतंत्र म्हणालो, परकी नव्हे.
“नाना न्यायशास्त्र शिकले नाहीत, आबा. मीही नाही.” पोळपाट धुऊन ठेवला. “तीन भाषांत सून शोधलीत. घरात होती की.”
दुपारच्या गाडीने ती जामनेरला, तिच्या मामाकडे गेली.

११ जून
‘सूनु’चा पक्ष टिकत नाही. त्यातला दीर्घ ऊ कुठे गेला, सांगता येत नाही. दुसरे मत ‘बांधणे’ या धातूचे, तेही अनिर्णित. म्हणजे मूळ अज्ञात. तरी इतक्या पिढ्यांनी मूळ न विचारता सुनांना हाक मारली. आणि मी…

१२ जून, धुळे
नानांच्या हाती लेखी कबुली दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, परत केली. “हाऊ कागद मी काय करू, सर? पोरले दखाडा.”
बसस्थानकावर. वर्षाला कागद दाखवायला आधी जळगाव, मग जामनेर. वर्षा फोन उचलत नाही. कागदाची नक्कल:

‘ती तुमची कोण, या प्रश्नाला मी शब्दाचे मूळ सांगितले, नाते सांगितले नाही. चूक माझी. वर्षा माझी मुलगी आहे. ती म्हणेल तर मांडवात तिच्या बाजूने मी उभा राहीन.
— द. भा. पाटील’