शेवटचा वाटा

प्रिय तेजूताई,

तू फोन उचलणार नाहीस, माहीत आहे. सभेची तारीख लागली की त्या विषयावर कोणाशी बोलायचं नाही हा तुझा नियम, मग भाऊ का असेना. म्हणून कागद. पांडू तुझ्या सासरी दूध घालायला येतोच, त्याच्या हाती देतोय. कागदाला तू खाली बसवू शकत नाहीस.

मागच्या ग्रामसभेत मला बसवलंस ना! मी नुसतं "ताई, वरच्या वाडीमागच्या डोंगरातली ती भेग" एवढं म्हणालो तर तू टेबलावर हात आपटलास. "इथे ताई कोणी नाही. अध्यक्षांना बोला. आणि तुमची वेळ संपली, यशराज गोमाजी." बापाच्या नावासकट! मागून कुशाबा ओरडला, "आरं बस रं, घरात तरी तुजा कोण ऐकतो?" अख्खी सभा हसली. तुलाही हसू आलं आणि तू ओठ आवळलेस, मी बघितलं. त्या रागात बिरवाडीच्या खोलीवर जाऊन तुझ्यावर गोष्ट लिहायला घेतली. तिच्यात माणूसच नव्हतं, नुसती एक खुर्ची, आणि ती बोलत नव्हती. मग फाडून टाकली. खुर्चीला आई नसते. तुला आहे.

बाबा राखणीला गावदेवाला दिलेल्या बकऱ्याचे वाटे घालायचे, आठवतं? देवळामागे सागाची पानं मांडायची, घरटी एक. तू बाजूला बसून पानं पुसायचीस. कितीही सारखं घातलं तरी एकोणीस-वीस व्हायचंच, म्हणून गावाने आधी उचलायचं आणि वाटे घालणाऱ्याने शेवटी. जे राहील ते आपलं. आपल्याकडे बहुतेक वेळा हाडंच यायची आणि आई रस्सा वाढवताना बाबांना म्हणायची, "सगल्या गावाकडं बघताव, एकदा आपल्या टोपाकडं पन बघा की!" तू सरपंच झालीस, पुण्याला ट्रेनिंगला जाऊन आलीस, तेव्हा म्हणालीस, तिथं जे शिकवलं ते सगळं बाबांनी त्या पानांवर शिकवलेलं. अध्यक्षाने आपलं माणूस बघायचं नाही. विरोधातल्याला पूर्ण बोलू द्यायचं. आणि दोन्हीकडे सारखी मतं पडली तरच आपलं निर्णायक मत द्यायचं.

पडली ना सारखी. वरच्या वाडीची घरं कुठे हलवायची, हायवेजवळच्या नदीकाठावर की देवळापलीकडच्या माळावर? चार सदस्य इकडे, चार तिकडे. सुनील उपसरपंच आहे, त्याला नदीकाठ हवाय. त्याचंही अगदीच चूक नाही, पोरांना एमआयडीसीत जायला तिथून गाडी मिळते. पण नदी चढली त्या वर्षी तिथला विजेचा खांब अर्धा पाण्यात होता, आपण दोघांनी बघितलाय. राहिला माळ. त्याला लागून आपलं शेत. वाडी आली की रस्ता येणार, शेताला भाव येणार. नुसतं शेजारी शेत आहे म्हणून मत द्यायला अडत नाही, असं ग्रामसेवक सगळ्यांसमोर बोलले, तरी लोकांचं तोंड कोण धरणार? मत दिलंस तर शेतासाठी दिलं म्हणतील. खुर्ची सोडलीस तर सुनील बसेल आणि त्याचं निर्णायक मत नदीकाठाला. म्हणून तू सभा तहकूब केलीस. मग परत केलीस. मग परत.

तुझे हात स्वच्छ राहिले, खरं आहे. पण ताई, शेवटचा वाटा आपला म्हणून बाबांनी वाटेच घातले नाहीत असं कधी झालं? लोक तेव्हाही बोलायचेच. बाबा ऐकून घ्यायचे आणि सुरी चालवत राहायचे. काल त्या भेगेत हात घालून बघितला. कोपरापर्यंत आत गेला. खाली पाणी वाहतंय, ऐकू येतं.

पाऊस वाढला की वाडी शाळेत झोपायला जाते. आई जात नाही. तुला तिने गुडघ्यांचं कारण सांगितलंय. गुडघे बरे आहेत तिचे, परवा छपरावर चढून प्लास्टिक नीट करत होती. मी ओरडलो तेव्हा वरूनच म्हणाली, "सरपंचाची आय पयली पलाली, असं नाय व्हायचं. लोक म्हनतील, लेकीनं आतलं सांगितलान. सगली वाडी हलूदे, मंग मी. आनि तेजूला बोललास तर बघ."

म्हणजे तू खुर्चीत बसून जे सांभाळतेस, तेच ती भेगेखाली झोपून सांभाळतेय. तुम्हा दोघींना हे एकमेकींना सांगता येणार नाही. मला येतं. मी कुठल्या खुर्चीवर नाही.

तर ताई, हे पत्र बिरवाडीहून येत नाहीये. चार दिवस झाले, रजा टाकून मी आपल्या पडवीत झोपतोय, आईच्या पायाशी. सोमवारी तू सभा घेशील. सगळ्यांना बोलू दे, सुनीलला सगळ्यात आधी. मग कुठेही दे, पण मत दे. परत तहकूब केलीस तर मी भांडायला येणार नाही. इथेच असेन. हे दडपण आहे, कळतंय मला, आणि मी ते मुद्दाम आणतोय. वाडी हलेल तेव्हा सगळ्यात शेवटी आपलं घर निघेल, तो वाटा आईने आणि मी कबूल केलाय. पण वाटे तू घाल.

तुझाच,
यशराज