माझा अधिक महिना

चौथा महिना, २३
जिन्चनच्या बाजारात मुक्काम. राजधानी सोडून सात महिने झाले. मी भटकतो आहे असं नव्हे. प्रांतातलं आकाश तपासत हिंडतो आहे. खानावळीच्या ओट्यावर चटई टाकून भविष्य सांगणं हा केवळ जोडधंदा.

खानावळ ओक्चनवालीची. विधवा आहे, फार बोलत नाही. राजाची वेधशाळा का सोडली, असं तिनं विचारलं. ग्रहणाच्या वेळेवरून मतभेद झाला, म्हणालो. मतभेद अर्ध्या घटकेचाच होता. तेवढा वेळ महाराज ग्रहणविधीच्या पांढऱ्या वस्त्रांत अंगणात ताटकळले आणि सूर्य काही ग्रासला जाईना. फटक्यांचा उल्लेख केला नाही. तरी तिनं बसायला उशी आणून दिली.

संकल्प: उद्यापासून दारू बंद.

चौथा महिना, २७
तीन दिवसांनी अधिक महिना लागतो. हा महिना माझा. पंचांगात तो कुठे बसवायचा यावरून वेधशाळेत पाच जण एकीकडे आणि मी एकटा दुसरीकडे होतो. ज्यात संक्रांत नाही तो महिना अधिक, याहून सोपं काय? पण त्या पाचांच्या गणितात सूर्यालाच घाई झाली होती. शेवटी माझंच छापलं गेलं. पुढे मला काढलं. महिना काढता आला नाही. देशातल्या प्रत्येक पंचांगात तो आहे. आयुष्यात एवढी एक गोष्ट निर्विवाद बरोबर केली, आणि तेवढी पुरे.

अधिक महिन्यात लोक थडगी हलवतात, घरं बदलतात, कफनं शिवून ठेवतात. प्रत्येकाला मुहूर्त लागणार. रांगेसाठी दुसरी चटई मागून घेतली.

अधिक चौथा, २
कोणी आलं नाही. लोक आधी घरात सल्लामसलत करत असणार.

अधिक चौथा, ५
बाजाराचा दिवस. माझ्यापाशी एक मीठवाला आला, तोही सावलीला. घर बदलतोय म्हणाला. मी ग्रंथ उघडला, तर म्हणतो, “मुहूर्त कशाला, गुरुजी? अधिक महिन्यात भुतं रजेवर असतात. वाटेल त्या दिवशी वाटेल त्या दिशेला जावं.”

रोज दिशा बदलत हिंडणाऱ्या, आणि आपल्या दिशेला आलेल्याला आडव्या जाणाऱ्या भुतांबद्दल बोलत होता. हा समज वेधशाळेत माझ्या कानावर आला होता. लोक तो इतका मनावर घेत असतील असं वाटलं नव्हतं. मी त्याला सूर्याचं संक्रमण मुळापासून समजावलं. त्याला झोप लागली. अडाणी आहेत, पण पटतील हळूहळू.

दारू एक वाडगा. मिठाचा विषय निघाल्यामुळे.

अधिक चौथा, ९
ओक्चनवाली स्वतःचं कफन शिवत बसली होती. त्या धाग्याला गाठ मारत नाहीत. मेलेल्याचा जीव अडकतो म्हणे. मान वर न करता म्हणाली, की उद्याच्या बाजारात एक तरी गिऱ्हाईक आलं नाही, तर ओटा भांडेवाल्याला देते. तो निदान भांडी आपटतो, आवाजानं माणसं येतात. मग जरा कळवळून म्हणाली, “महिनाच वाईट निघाला हो तुम्हाला. कुणी बसवला कोण जाणे.”

‘मीच’ म्हणायचा मोह आवरला. विद्येची जाहिरात करू नये.

अधिक चौथा, १०
पियो नावाचे म्हातारे शेतकरी ओट्यावर टेकले. बापाचं थडगं चौदाला हलवायचं, मजूर ठरवलेत, असं ओक्चनवालीला सांगत होते. मी त्यांना जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं, की हा महिना खरा अधिक नव्हेच, खरा पुढचा. भुतं कामावर आहेत. आवाज हळू अशासाठी, की राजाच्या पंचांगाला खोटं म्हटलं तर फटके असतात, आणि त्या शास्त्राचा माझा अभ्यास पूर्ण झालेला आहे.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. “मग हा बसवला कुणी?”

“होता एक वेधशाळेत.”

“गाढव असणार.”

“काढून टाकलं त्याला,” मी म्हणालो.

यात एक अक्षर खोटं नाही. चौदाऐवजी सतरा तारीख काढून दिली. तांदूळ आणि सुका मासा मिळाला. ओटा शाबूत राहिला. झोप लागली नाही; मासा खारट होता.

अधिक चौथा, ११
याला शास्त्रात आपद्धर्म म्हणतात.

अधिक चौथा, १५
आज बाजारात दिसेल तो वाकून नमस्कार करत होता. पियोंनी सगळ्यांना सांगितलं आहे. विद्वत्ता अखेर लपत नाही. तीन चटया टाकल्या.

दुपारपर्यंत तिन्ही रिकाम्या. मग पियो आले. सतरा रद्द. गावातली म्हातारी माणसं एकत्र बसली म्हणे. छापील पंचांगाप्रमाणे हा महिना अधिक, गुरुजींच्या मते पुढचा. खोटं कुणाला पाडायचं? तेव्हा दोन्ही अधिक धरावेत असं ठरलं.

“आता घाई नाही,” पियो म्हणाले. “सावकाश खणू, बापाची हाडं मोडायची नाहीत. तुमच्या कृपेनं महिना वाढून मिळाला.”

मी भुतांची आठवण करून दिली. ते म्हणाले, दोन दोन हुकूम आल्यावर भुतं तरी काय करणार, घरीच बसतील.

दारू तीन वाडगे.

अधिक चौथा, २२
खानावळीत गर्दी असते. दोन महिन्यांवाला गुरुजी पाहायला बायका लेकरं घेऊन येतात आणि रस्साभात खाऊन जातात. मुहूर्त कोणी विचारत नाही. ओक्चनवाली म्हणते, नुसते दिसत राहा.

अधिक चौथा, २९
महिना संपला. काठी रोवून रोज दुपारी सावली मोजली. संक्रांत आली नाही, उद्या येईल. गणित केसाइतकंही चुकलेलं नाही.

आज ओक्चनवालीला सगळं सांगून टाकलं. महिना खरा होता, तो मी बसवला होता, ते गाढव मीच. फटके किती, तेही सांगितलं. उद्याच्या बाजारात उभं राहून सर्वांना सांगणार, असंही म्हणालो.

तिनं दातानं धागा तोडला. म्हणाली, “असाल तुम्हीच. पण आता काही बोलू नका, गुरुजी. माझ्या आईचं थडगं पुढच्या महिन्यात हलवायचं ठरलंय.”

मी बरं म्हटलं.