शेठच्या पत्रिकेवरचा अंगठा

चाचा, मी तिसरीतून उठलेली बाई. पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, आणि तीही वाचायला जागेवर नसलेल्या माणसाला. मला येतो तो फक्त लग्नपत्रिकेचा मजकूर. 'आमचे येथे कुलस्वामिनीच्या कृपेने' इथपासून 'आपले नम्र'पर्यंत झोपेत लिहीन. पत्राचा मायना तुम्ही कधी छापला नाही, म्हणून मला आला नाही. तेव्हा सरळच सांगते. मंगळवारी तुमची आठवण झाली आणि डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. राग आला. जाऊन तीस वर्षं झालेल्या माणसाचा इतका राग यावा, हे काही बरं नाही. म्हणून लिहायला बसले.

आता मी जळगावला मुलाकडे असते. त्याची पोरगी कॉलेजात आहे आणि तिला हातानं कार्डं करायचा नाद लागलाय. वाढदिवसाची, राखीची, बाळ झाल्याची. एक मैत्रीण आहे तिच्या जोडीला, दोन गल्ल्या सोडून राहते. दोघी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडतात. जाळीसारखे कापलेले प्लॅस्टिकचे साचे असतात, त्यांना स्टेन्सिल म्हणायचं. साचा कार्डावर ठेवायचा, स्पंजानं चिकट शाई थोपटायची, साचा उचलायचा, वरून भुकटी टाकायची, जादा भुकटी झटकून परत डबीत, आणि मग ताप द्यायचा. भुकटी वितळते आणि फुलं कागदावरून उठून बसतात, बोटाला लागतील अशी. पहिल्या दिवशी नात म्हणाली, "आजी, ये, तुला जादू दाखवते." मी म्हटलं, "जादू कसली गं? तुझा बाप पोटात होता तेव्हापासून करते मी हे." तिला खरं वाटेना. तिच्याकडे गरम हवेचं पिस्तूल आहे, केस वाळवायच्या यंत्राचा थोरला भाऊ. ते ती वरून धरायची आणि निम्मी भुकटी भाजीच्या वाटीत उडायची. मी कार्ड चिमट्यात उचललं आणि म्हटलं, "खालून दे. कागदाला आधी ताप येऊ दे, भुकटी आपोआप घाम सोडेल." तुमचंच बोलणं, तुमचं नाव न सांगता वापरलं. त्या दिवसापासून टेबलाशी तिसरी खुर्ची माझी झाली.

तुमच्या दुकानात मला खुर्ची नव्हती, गोणपाट होतं. धुळ्याच्या त्या बोळात पुढे तुमचं पायानं चालवायचं मशीन, मागे मी, माझ्यापुढे सोनगीरची पितळी परात आणि परातीत सोनेरी भुकटी. तुम्ही पत्रिका काढून द्यायचे, शाई ओली असताना मी भुकटी टाकायची, झटकायची आणि शेगडीवरच्या पत्र्यावर धरायची. पाकिटावरचा कलश तुम्ही साच्यानं करायचे. ते साचे दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे, तुम्हीच ब्लेडनं कापलेले. उजेडाला धरलं की कलशाच्या बाजूला कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या. मी म्हटलं होतं, "चाचा, लोकांच्या शुभकार्याला तुम्ही मेलेल्याची हाडं वापरता." तुम्ही वर न बघता म्हणाले, "मरा कायको? खोकला होता उसको. बरा झाला असेल." तिसऱ्या दिवशी मी एक पत्रिका जाळली. काळा डाग पडला, वास सुटला. तुम्ही मशीन थांबवलं, आलात आणि ती माझ्या हातात दिली. म्हणाले, "चाट." मी पत्रिका उलटीपालटी करून पाहिली. "चाट, चाट. रोटी समजून भाजली ना? मग खा." मला असा संताप आला की दुसऱ्या दिवशी येणारच नव्हते. पण घरी सासू वाटच पाहत बसलेली. आमचे हे तेव्हा कामावरून घरी बसलेले, तरी तिला माझं बाहेर जाणं खपायचं नाही. "लोकेसनी लगीनपत्रिका भाजस, घरनी भाकर कोन करी? काम शे का नाटक शे?" ते ऐकलं आणि सकाळी आठच्या ठोक्याला तुमच्या गोणपाटावर येऊन बसले.

आता शेठच्या पत्रिकांचं. मारवाडी शेठ, मोठं किराणा दुकान, पहिल्या पोरीचं लग्न. गडद लाल कागद, सोनेरी अक्षरं. त्या दिवशी सकाळी मी पोरीचं डोकं तेलानं चोपडून, वेणी घालून, हात नुसते झटकून आले होते. दुपारी गठ्ठे बांधताना बघते तर बऱ्याच पत्रिकांवर खाली, 'आपले नम्र'च्या शेजारी, एक सोनेरी डाग चकाकतोय. बोटाचा आहे एवढं कळलं. तेलाला भुकटी चिकटली, तापानं उठली. पुसायचा प्रश्न नाही, उठलेलं बसत नाही. मी जास्त बघितलंच नाही. पत्रिका पालथ्या घातल्या आणि दोरी बांधली.

दुसऱ्या दिवशी शेठ आले ते आरडाओरडा करतच. गठ्ठा तुमच्या मशीनवर आपटला. "ये अंगूठा किसका है? लडकी की शादी की पत्रिका है या कोर्ट का कागज?" बोळातली माणसं जमली. तुम्ही खिशातून अक्षरं तपासायचं भिंग काढलं, पत्रिका डोळ्याशी धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मी मागे परातीवर मान घालून बसलेली. आता तुम्ही म्हणणार, उद्यापासून येऊ नको. सासू म्हणणार, बरं झालं. आणि तुम्ही भिंग खाली ठेवून म्हणाले, "मेरा है शेठ. उमर हो गई. हात धोना भूल गया." शेठ तुम्हाला नको नको ते बोलले. म्हाताऱ्या माणसाला बोलू नये असं. तुम्ही ऐकून घेतलं. मग सगळ्या पत्रिका नव्यानं छापल्या. मला फक्त म्हणाले, "परात इकडे दे, ये मै करता हूं."

आणि मी काय केलं? घरी जाऊन हसले. खरंच हसले, चाचा. आमच्या यांना म्हटलं, "म्हातारा भोळा आहे, स्वतःचाच अंगठा समजला." मला वाटलं, वाचले.

मग तुम्ही ती पुरचुंडी आणली. मलमलीच्या फडक्यात शंखजिऱ्याची पूड, वर सुतळी. आधी स्वतःच्या बोटांवर थापली, मग माझ्याकडे टाकली. "धूप के दिन है. हाताला घाम येतो. मला पण येतो." तेव्हा थंडी होती. पौष की माघ. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला महिनेही कळेनासे झाले. त्या दिवसापासून रोज सकाळी आधी तुम्ही, नवी नवरी तोंडाला पावडर लावते तशी, बोटं पांढरी करायचे आणि मग मी. तुम्ही होता तोवर एक दिवस चुकला नाही.

मंगळवारी काय झालं ते ऐका. नातीला एका आजीबाईंच्या पंचाहत्तरीच्या कार्डांचं काम आलं होतं. निळा कागद, त्यावर साच्यानं उठवलेला चाफा, वेळ गुरुवारपर्यंत. सोमवारी मी मेथीचे लाडू वळले, पदराला हात पुसले आणि तशीच खुर्चीवर जाऊन बसले. बोटांना पूड लावली नाही. इतक्या वर्षांचा माज, दुसरं काय. मंगळवारी सकाळी उजेडात बघते तर बारा कार्डांच्या कोपऱ्यात सोनेरी ठसा. नात मैत्रिणीवर तुटून पडली. "चिप्स खात काम करतेस तू! किती वेळा सांगितलं!"

"माझा नाहीये तो."

"मग कुणाचा? भुताचा? आजी तर पावडर लावल्याशिवाय बसतच नाही."

तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि दोन बोटांनी ताणून तळहाताएवढा केला. मैत्रिणीच्या नाकापुढे धरला. मी बाजूनं वाकून पाहिलं. अंगठ्याच्या बारीक रेघा, आणि त्यांच्यातून आडवी गेलेली एक कोरी पट्टी, शेतातून बांध जावा तशी. मी नऊ वर्षांची असताना गवत कापताना विळा लागला होता, ती खूण. असा अंगठा धुळ्यात दुसरा नव्हता आणि जळगावात दुसरा नाही. तुमच्या डोळ्यासमोर तर तो रोज दहा तास नाचत होता. आणि तुम्ही भिंग लावून बघितलं होतं.

तेव्हा राग आला. भोळी मी होते. तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही इतकी वर्षं मला शहाणी समजून राहू दिलंत. एकदा तरी म्हणायचं होतं, "चाट." जळलेल्या पत्रिकेला म्हणालात ना? मग या पत्रिकेला का नाही? मी दोन दिवस रडले असते, तिसऱ्या दिवशी आले असते, आणि मोकळी झाले असते. तुम्ही असे शिव्या खाऊन गप्प राहिलात की मला माफी मागायलाही जागा ठेवली नाही.

मैत्रीण पिशवी उचलून निघून गेली. दारात रडली. नातही तोंड फुगवून कॉलेजला गेली. मी गप्प. एवढं सगळं कळून, स्वतःचा अंगठा मोबाइलवर बघून, मी गप्प. जेवले. आडवी झाले. चार वाजता चहा घेतला, तो गोड लागला नाही. मग चपला घातल्या आणि त्या पोरीच्या घरी गेले. ती कपडे वाळत घालत होती. मी फाटकातूनच म्हटलं, "तो ठसा माझा होता."

तिनं चिमटा दातांतून काढला. "मग सकाळी का नाही बोललात?"

मी फाटकाची कडी चाळवत राहिले.

"नाही, सांगा ना आजी. एरवी तुमचं तोंड बंद होत नाही. आजच काय शिवलं होतं?"

पोरीला बोलता येतं. बरं वाटलं मला. हे मला कुणीतरी विचारायलाच हवं होतं, आणि तुम्ही विचारलं नाही. मी म्हटलं, "तुझी मैत्रीण मला खुर्चीवरून उठवेल, म्हणून." ती आधी हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली. "तुम्हाला कोण उठवणार?" म्हणाली, पण त्या दिवशी आली नाही. मानी आहे. बुधवारी आली. नातीला मी आदल्या संध्याकाळीच सांगून टाकलं होतं. ती "आजी, बारा कार्डं!" एवढंच ओरडली, मग मैत्रिणीला फोन करून किती तरी वेळ माफी मागत राहिली. कार्डं पुन्हा केली, वेळेत गेली. नातीनं मला उठवलं नाही. पण आता मागून येऊन माझ्या कार्डांचे कोपरे तपासते. तपासू दे.

नात म्हणते, कुणाला लिहितेस, दे, मी पोस्टात टाकते. तिला म्हटलं, बिलाचा हिशेब लिहितेय. टाकणार कुठे? त्या बोळात तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि कबरस्तानात पोस्टमन जात नाही. गादीखाली ठेवीन. पण लिहायला बसलेच आहे तर त्या पोरीला सांगितलं त्याच्या पुढचंही लिहिते. शेठ आले तेव्हा गप्प बसले ती सासूच्या भीतीनं, घरात दाणा नव्हता म्हणून, असं मी आजवर स्वतःलाही सांगत आले. ते पूर्ण खरं नाही. आमचे हे पुढच्याच महिन्यात कामाला लागले होते आणि मला म्हणाले होते, आता राहू दे. मी तरी येत राहिले. परातीतली मेलेली भुकटी पत्र्यावर एका क्षणात जिवंत होते, ते बघायला येत होते. तुम्ही पगार दिला नसता तरी आले असते, चाचा. तुम्हाला कळू दिलं नाही, नाहीतर खरंच दिला नसता.