पडद्यावरचा पांढरा

प्रिय क्वेन,

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आज अकरा दिवस झाले. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे असतात. घातले की नाही हेच मला आठवत नाही, म्हणून भिंतीवर पेन्सिलीने रेघा ओढतो. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. मग फोटोच्या दुकानात नुसता बसून राहतो. ह्वे शहराच्या या दमट हवेत छपाईचा कागद सादळतोय, त्याचीही काळजी लागून राहते. फार थकलोय गं.

तुझ्या आईच्या तिसऱ्या वर्षश्राद्धाला सव्वीस दिवस उरलेत. देव्हाऱ्यावरचा तिचा फोटो मला त्याआधी बदलायचा आहे आणि ते मला एकट्याला जमणार नाही. हे आधीच लिहून टाकतो, पुढे धीर होईल न होईल.

झालं असं की मासळीबाजारातल्या थोआबाई नवऱ्याचा देव्हाऱ्यावर ठेवायचा फोटो परत घेऊन आल्या. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, अहो खोआतदादा, आमचे हे हृदय बंद पडून गेले, साप चावून नाही! असे निळे का केलेत? मी म्हटलं, बाई, कागदाचा दोष असेल. तर म्हणतात कशा, कागदाला कशाला नावं ठेवता, आधी डोळे दाखवा, नाहीतर उद्या माझ्याकडचा शिळा मासा ताजा म्हणून घेऊन जाल. सगळे हसले, मीही हसलो. पण जेवण गेलं नाही. तीन वर्षांपूर्वी हेच कोण बोललं होतं, ते आठवत राहिलं.

तू पाठवलेलं ते यंत्र तुला आठवतं ना, संगणकाच्या पडद्यावर लटकवायचं, रंग मोजून पडदा नीट करणारं? शेपटीसारख्या वायरीमुळे तुझी आई त्याला उंदीर म्हणायची. मी ते एकदाच लावलं. पडदा सगळा पिवळट दिसायला लागला. मी म्हटलं, बिघडलेलं यंत्र पाठवलं पोरीनं. ते खणात टाकलं आणि मला पांढरं वाटेपर्यंत पडद्यात निळा वाढवत नेला. मग छापलेला कागद पडद्याशेजारी पिवळा वाटे, म्हणून छपाईतही निळा वाढवला. चौथी शिकलेला माणूस मी, पण ब्रशने फोटो रंगवायचे तेव्हापासून मेलेल्यांचे चेहरे करत आलोय. मला उंदीर काय शिकवणार? आई तेव्हा म्हणाली होती, तुमच्यापेक्षा त्या उंदरालाच जास्त दिसतं.

आईच्या अंत्यविधीला तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस, बा, आई अशी निळी नव्हती. मी तुला काय काय बोललो, ते पुन्हा लिहीत नाही. दोन श्राद्धं झाली, तू आली नाहीस. कमळाच्या बियांची खीर मीच केली, दोन्ही वेळा करपली.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, आजोबा, तुमचा मोतीबिंदू चहासारखा तपकिरी झालाय, सात-आठ वर्षं साचत आला असणार. मी तारीख विचारल्यासारखं पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की सात-आठ? त्यांना वाटलं, मला ऐकू येत नाही.

पट्टी निघाल्यावर कपाट उघडलं. आईचा लांब झगा मी विटून तपकिरी झाला म्हणून मागे सारला होता. तो जांभळा आहे, क्वेन. मग खणातून उंदीर काढला, शेजारच्या मास्तरांकडून सूचना वाचून घेतल्या आणि पडद्यावर लावला. या वेळी पडदा पांढरा झाला. उजव्या डोळ्याला पांढरा आणि डाव्याला तोच जुना पिवळट. मी कितीतरी वेळ एक डोळा मिटत, एक उघडत बसलो. मग देव्हाऱ्यासमोर गेलो. तू खरं बोलली होतीस.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं, फोटोचं तर थोआबाईंकडूनही ऐकलंच होतं. तू आईच्या शेवटच्या टेटला, नव्या वर्षाच्या सणाला आली होतीस, तेव्हा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणालीस, बा, आई पिवळी दिसते, डोळेसुद्धा. मी म्हणालो, दिवा पिवळा आहे, चेहऱ्याचे रंग मला शिकवू नकोस. तू पानं वाढायला घेतलीस. दवाखान्यात आपण गेलो तेव्हा पाच महिने उलटले होते, आणि यकृताचे डॉक्टर पहिलं वाक्य बोलले ते उशीर केलात हेच. त्या टेटला मी तिचा फोटो काढला होता. काल तो नीट केलेल्या पडद्यावर, उजव्या डोळ्याने पाहिला. हळदीत हात बुडवून तोंडावर फिरवावा, तशी होती ती. मी तिच्यासमोर बसून जेवत होतो.

नवा फोटो छापायचा तर तिचा खरा रंग हवा, आणि तिची शेवटची चार-पाच वर्षं तो मी पाहिलेलाच नाही. तू पाहिला आहेस. तू ये आणि ठरव. रागावलीस तरी रागावलेलीच ये. फोन करू नकोस, फोनवर मला बोलता येत नाही. डॉक्टरबाई डावा डोळाही करून घ्या म्हणतात, मी तारीख घेतलेली नाही. उजवा मिटून डाव्याने पाहिलं की त्या टेटच्या फोटोत ती अजून बरी दिसते. तू येऊन गेलीस की तोही डोळा करून घेईन.

तुझाच,
बा