सदर वाहन मोडीत देणार नाही

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
मालवाहू वाहन तपासणी कार्यालय.

विषय : किल्लीला लावलेला कार्यालयीन बिल्ला हातात धरून वाहनाची फेरतपासणी करणे व तोपर्यंत वाहन मोडीत न काढणे याबाबत.

संदर्भ : १) वाहन येत्या सोमवारी भंगार आगारात जमा करण्याविषयी आपल्या कार्यालयाची नोटीस.
२) बिल्ले देण्याच्या खिडकीवर (बिल्ला खिडकी) चिकटवलेली सूचना : "निकालापूर्वी बिल्ला किल्लीपासून वेगळा केल्यास वाहन जप्त करण्यात येईल."

महोदय,

अर्जदार लोकांचे घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवण्याचा व्यवसाय करतो. ट्रक त्याचा आहे आणि चालवतोही तोच. बांधाबांध, गिऱ्हाइकांशी बोलणी आणि कपाट जिन्यातून उतरत नाही तेव्हा त्यांची समजूत, ही कामे त्याची थोरली बहीण पाहते. गल्लीत या ट्रकला 'आत्या' म्हणतात, कारण तो कुरकुरतो, पण कुणाचे अडले की जातो. या अर्जात यापुढे त्याला 'सदर वाहन' म्हटले आहे. नोटिशीत निरीक्षकांनी 'वयोमानामुळे निकामी' असा शेरा दिला आहे. वयोमान मान्य. निकामी अमान्य. हा अर्ज त्या दुसऱ्या शब्दापुरता आहे.

१. वार्षिक तपासणीसाठी सदर वाहन आपल्या आवारात प्रथम आले ते वाटेत कुठेही न अडखळता आले. त्या दिवशी ब्रेक तपासण्याचे यंत्र नादुरुस्त होते, म्हणून तपासणी झाली नाही. बिल्ला मात्र मिळाला. हे बिल्ले पूर्वी पत्र्याचे असत आणि वाहनमालक ते हरवत, असे समजते. त्यावर उपाय म्हणून कार्यालयाने जुन्या तराजूची लोखंडी वजने कोठारातून काढली, त्यांना भोके पाडली, क्रमांक ठोकले आणि तीच बिल्ले म्हणून द्यायला सुरुवात केली. वजन तारेने किल्लीत ओवतात आणि तारेवर शिशाचे सील ठोकतात. खिडकीवरच्या कारकुनांनी किल्ली परत देताना म्हटले, "घ्या. आता हरवून दाखवा." अर्जदाराने बिल्ला हरवलेला नाही. तो हरवणे शक्यच नाही. प्रत्येक खड्ड्याला तो अर्जदाराच्या गुडघ्यावर आपटतो.

२. त्याच आठवड्यात सदर वाहन चालता चालता बंद पडू लागले. पहिल्यांदा बंद पडले ते भर चौकात, मागे एका शिंप्याचे सगळे घर लादलेले असताना. इंजिन खोकले नाही, अडखळले नाही, काळा धूर आला नाही. बटण दाबल्यावर दिवा विझावा तसे विझले. किल्ली पुन्हा फिरवताच काहीच झाले नसल्यासारखे सुरू झाले. शिंपी मागे शिलाई मशीनला धरून बसला होता. तो टपावर थाप मारून म्हणाला, "अहो, गाडी विचार करायला थांबली का?" मागे लागलेल्या रांगेतले लोक जे म्हणाले ते अर्जात लिहिण्याजोगे नाही.

३. अर्जदाराने सदर वाहन त्याच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेले. त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणतात. त्याने इंजिनाच्या संगणकाला स्कॅनर जोडला. स्कॅनरने कोड दाखवला, कोडाचा अर्थ निघाला की इंजिनाचा वेग मोजणारा सेन्सर खराब आहे. सेन्सर बदलला. गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी कोड निघाला डिझेलच्या दाबाचा. फिल्टर बदलला, पंप उघडून पाहिला. मग निघाला कमी विद्युतदाबाचा. बॅटरी बदलली, अर्थिंगच्या तारा घासून साफ केल्या. त्यानंतर तर एकाच वेळी इतके कोड आले की त्यांवर विश्वास ठेवायचा तर सदर वाहनात चाके सोडून काहीही धड नव्हते. डॉक्टर डोके खाजवत म्हणाला, "ही आजारी नाही, दादा. ही प्रत्येक वेळी वेगळा आजार सांगते. माझी सासू असंच करते."

४. मुद्दा असा की डॉक्टरच्या गॅरेजमध्ये सदर वाहन कधीच बंद पडले नाही. त्याने ते तासन्‌तास चालू ठेवले, गॅरेजच्या आवारात विटा टाकून त्यांवरून नेले, तरी नाही. रस्त्यावर आले की मात्र बंद. त्याला वाटले अर्जदार क्लच चुकीचा सोडतो. अर्जदाराला वाटले डॉक्टर थकला. त्यावरून दोघांत काही दिवस बोलणे बंद होते. खरे कारण तेव्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही. डॉक्टर गाडी चालवायचा ती त्याच्याकडे खिळ्याला अडकवलेल्या जुन्या जादा किल्लीने. सील लावलेली किल्ली त्याने कधी हातातच घेतली नाही. "सरकारी शिक्का आहे. उद्या तार सैल निघाली तर माझ्या नावावर," असे म्हणून तो ती रुमालात गुंडाळून बाजूला ठेवायचा.

५. दरम्यान आपल्या आवारात तपासण्या झाल्या. प्रत्येक तपासणी नियमानुसार सील लावलेल्या किल्लीनेच झाली. आपल्या चाचणी रस्त्यावर गतिरोधकांची रांग आहे, हे आपणास ठाऊक आहेच. प्रत्येक वेळी सदर वाहन त्याच रांगेत बंद पडले आणि प्रत्येक वेळी आपल्या स्कॅनरने निराळी यादी दिली. शेवटच्या वेळी निरीक्षकांनी यादी वाचून दाखवायचेही टाळले. स्टिअरिंगवर हात ठेवून ते म्हणाले, "म्हातारी झाली हो. किती छळणार तिला? सोडा आता." ते हे प्रेमाने म्हणाले हे अर्जदार मान्य करतो. नंतर त्यांनी नोटिशीवर सही केली, तीही तितक्याच प्रेमाने.

६. त्या तपासणीनंतर परतताना एका वृद्ध गिऱ्हाइकाला खिडकीची जागा हवी होती, म्हणून अर्जदाराची बहीण केबिनमध्ये मधल्या जागी बसली. बिल्ला तिच्याही गुडघ्याला लागू लागला. तिने तो मुठीत धरला आणि म्हणाली, "ही तुझ्या गळ्यातली घंटा मला वेड लावेल. चालव तू." दगडखाणीजवळचा रस्ता आला. तिथे सदर वाहन नेमाने बंद पडते. त्या दिवशी पडले नाही. पुलावरही नाही. खाणीच्या पुढच्या वळणावर गिऱ्हाइकाने पाणी मागितले, बहिणीने बाटली काढायला हात सोडला, खड्डा आला आणि इंजिन बंद. अर्जदाराने तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? मी फक्त हात सोडला." आणि मग तिनेच किल्लीला लोंबकळणाऱ्या वजनाकडे पाहिले.

७. त्यानंतर त्याच खड्ड्यावरून पुन्हा पुन्हा जाऊन खात्री केली. गिऱ्हाइकाने हरकत घेतली नाही, उलट गाडी बंद पडणार की नाही यावर दर फेरीला पैज लावली. धरला की चालते, सोडला की बंद. डॉक्टरने दुसऱ्या दिवशी जादा किल्लीला तेवढ्याच वजनाचा हातोडा बांधून गॅरेजमध्ये तेच करून दाखवले. खुलासा साधा आहे. किल्ली ज्यात फिरते तो इग्निशन स्विच आतून झिजला आहे. किल्लीला वजन लोंबकळले आणि धक्का बसला की आतला संपर्क क्षणभर सुटतो. तेवढ्या क्षणात संगणकाची वीज जाते, इंजिन बंद होते आणि ज्या ज्या सेन्सरचा निरोप अर्धवट राहिला तो प्रत्येक सेन्सर दोषी म्हणून नोंदला जातो. यादी दरवेळी वेगळी का, तर त्या क्षणी कोण बोलत होता यावर ते ठरते. कोड खोटे नव्हते. त्यांना एवढेच सांगायचे होते की मध्येच कुणीतरी दिवा मालवला.

८. स्विच झिजला, ही जबाबदारी अर्जदाराची आहे, कार्यालयाची नाही. नवा स्विच त्याने आणला आहे. तो केबिनच्या कप्प्यात पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. तो बसवणे हे डॉक्टरचे चहा पिता पिता होणारे काम आहे. अडचण पुढे आहे. नव्या स्विचला नवी किल्ली येते. अर्जदार हे विचारायला बिल्ला खिडकीवर गेला. उत्तर मिळाले : नव्या किल्लीला सील नाही, म्हणून ती या वाहनाची किल्ली धरता येत नाही. मग सील नव्या किल्लीवर लावून द्या, असे तो म्हणाला. त्यासाठी नवा तपासणी अर्ज लागतो. मग तो घ्या. मोडीत काढण्याची शिफारस झालेल्या वाहनाचा नवा अर्ज घेता येत नाही. मग निदान जुन्या किल्लीचा बिल्ला काढा. तो निकालानंतर निघतो. निकाल काय? मोडीत.

९. अर्जदार निरीक्षकांकडे गेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की बिल्ल्याविषयी तक्रार बिल्ला खिडकीवर करावी. बिल्ला खिडकीने सांगितले की गाडी बंद पडते ही तांत्रिक बाब असल्याने निरीक्षकांकडे जावे. दोन्ही टेबले एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून आहेत. अर्जदाराने दोघांनाही एकदा मागे वळून पाहण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही.

१०. निघताना कारकुनांनी आवाज खाली आणून सल्ला दिला, "तोडा की तार, कोण बघतंय? नवी बांधून आणा, मी बघून घेतो." अर्जदार हा सल्ला नाकारतो, आणि तो नाकारल्याची नोंद व्हावी म्हणून इथे लिहितो. तार तोडली तर सदर वाहन जप्त होईल, आणि पुढे सगळे म्हणतील की गाडी खराबच होती, मालकाने लबाडी केली. आत्या, म्हणजे सदर वाहन, या गावातील निम्म्या लोकांचे संसार एका दारातून दुसऱ्या दारात घेऊन गेली आहे. तिच्यावर तो डाग येऊ देणार नाही. सील जसे लावले तसेच आहे. ज्याने लावले त्यानेच ते काढावे.

सबब विनंती, आणि विनंती न मानल्यास सूचना, अशी की :

सोमवारी भंगार आगारात सदर वाहन जाणार नाही. त्या सकाळी ते आपल्या फाटकाशी उभे असेल. मागे सामान असेल, कारण त्या दिवशीचे काम अर्जदाराने आधीच घेतले आहे आणि ते रद्द करण्याचा त्याचा विचार नाही. खिडकीच्या जागी तेच वृद्ध गिऱ्हाईक असेल. पैज अजून संपलेली नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. येताना बिल्ला अर्जदाराच्या बहिणीच्या मुठीत असेल. मुठीत धरलेला बिल्ला किल्लीपासून वेगळा होत नाही, हे खिडकीवरची सूचना वाचून कुणालाही पटेल.

फाटकाशी बहीण खाली उतरेल आणि तिच्या जागी आपण स्वतः बसावे. बिल्ला आपण धरावा. अर्जदार गतिरोधकांच्या रांगेवरून सदर वाहन नेईल. दुसऱ्या फेरीला आपण हात सोडावा. वाहन कशाने बंद पडले ते निकालात आपल्या हाताने लिहावे, आणि ते लिहून झाल्यावर निकाल लागला असे धरून सील काढावे. नवा स्विच तिथेच, आपल्या आवारात, आपल्यासमोर बसेल.

आपण येणार नसाल तर निरीक्षक किंवा कारकून, कुणीही धरले तरी चालेल. बहिणीने मात्र बजावले आहे की समोरच्याने नीट धरल्याशिवाय ती बिल्ला सोडणार नाही, मग ती व्यक्ती कोणत्याही टेबलावरची असो.

नम्र, पण गाडी न सोडणारा,
(सही)
अर्जदार, वाहनमालक व चालक

शुक्रवार, टपाल खिडकी बंद होण्यापूर्वी

सोबत :
— नोटिशीची प्रत.
— स्कॅनरच्या सर्व याद्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या.
— डॉक्टरचा जबाब, हातोड्याच्या वजनासह.
— किल्ली जोडलेली नाही. ती वजनामुळे टपालात जात नाही.