इल्काची हाक

११ एप्रिल
हंसांच्या संशोधन केंद्रावर मदतनीस म्हणून पोचले! तळं थेट माझ्या खिडकीखाली, खोली लाकडी खांबांवर पाण्यातच उभी. मला पोहता येत नाही हे ऐकून प्राध्यापक गेदेऑन पोटभर हसले. हंसांची पिल्लं वाढवणारी इल्का मला घ्यायला स्टेशनवर आली होती. माझी बॅग तिनेच उचलली, जेवताना माशाच्या लालभडक रश्श्यातले चांगले तुकडे माझ्या ताटलीत वाढले. आजवर असं कुणी माझं केलं नव्हतं.

१९ एप्रिल
अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिल्यांदा ज्याला हलताना बघतं त्याला आई मानतं. तो ठसा पुसला जात नाही. प्राध्यापक याला सहजप्रवृत्ती म्हणतात; हाक हे उद्दीपक, धावत जाणं हा प्रतिसाद. इल्का हाक मारते आणि सगळा थवा तिच्यामागे. मी घसा फोडला तरी एक मान वळत नाही. रात्रभर जळफळले. पिल्लांवर जळतेय की इल्कावर, तेच कळेना.

२७ एप्रिल
आज खोटं बोलले. उबवणीच्या पेटीत अंडी तडकू लागली तेव्हा इल्काला सांगितलं, प्राध्यापक धक्क्यावर बोलावतायत. ती परतली तोवर ओली पिल्लं माझ्या पायांत घोटाळत होती. वाटलं, आता चिडेल. तिने माझा गाल थोपटला. "बरं केलंस गं बोरोका. तू आलीस की तीही येतील."
अर्थ समजला नाही.

६ मे
माझी पिल्लं माझ्यामागे चालतात. किती मिरवले! दुपारी प्राध्यापकांनी काढलेला फोटो पाहिला. पुढे इल्का, मागे तिचे हंस. त्यांच्यामागे मान पुढे काढून मी. माझ्यामागे माझी पिल्लं.
मी रांगेत कधी शिरले, आठवत नाही.

९ मे
माणसालाही असा ठसा बसतो का, असं प्राध्यापकांना विचारलं. म्हणाले, माणसात विचार प्रवृत्तीला आवर घालतो. मग चष्मा पुसत राहिले. माझ्याआधीच्या मदतनीस मुलीने, एमेशेनेही हेच विचारलं होतं म्हणे. ती कुठेय, मी विचारलं. म्हणाले, इल्का पोहत होती, एमेशे तिच्या मागोमाग खोल पाण्यात चालत गेली. प्राध्यापकांनी हाका मारल्या, वळली नाही.
मी म्हटलं, इल्काने तरी वळायचं होतं. ते म्हणाले, "अगं, तिने वळून पाहिलं ना. पाहिलं, आणि पुन्हा हाक मारली."

१२ मे
बॅग भरून बसथांब्याकडे निघाले. मागून हाक आली.
भानावर आले तेव्हा तळ्याकाठच्या बोरूच्या दाट गवतात, कंबरभर पाण्यात. बॅग हातातच. इल्का पुढे पोहत होती, हसत. प्राध्यापकांनी ओढून काढलं. मी त्यांना चावले.

१४ मे
दार लावून घेतलं. किल्ली खिडकीतून तळ्यात फेकली. कानात मेण.

१५ मे, सकाळ
खिडकीतून दिसलं, नवी मुलगी आली. इल्का आणायला गेली होती. तिची बॅग इल्काच्या हातात—
ओरडून सांगायला हवं तिला, पळ म्हणून. तोंडच उघडत नाही. केस किती छान आहेत तिचे. का आहेत?

दुपार
दोघी पाण्याकडे. मेण काढलं. फक्त ऐकण्यासाठी.
इल्का हाक मारतेय. माझ्या नावाने नाही.
म्हणजे मी सुटले. सुटले ना? पाय शांत आहेत. मी इथेच—
इल्का तिच्याकडे बघून हसतेय. तसंच. अगदी तसंच.
नाही, तिच्या आधी मी, खिडकी उघडीच आहे, इल्का, इकडे बघ, मी येते, मी